शेवटी जेवणाऱ्या बायका

प्रयोगशाळेत पाऊल टाकल्याबरोबर शैलजाबाईंनी आधी खुर्ची शोधली. सगळीकडे नुसती उंच काचेची मेजं, आणि माणसं उभ्याने काम करत होती. उभ्याने काम करणाऱ्यांबद्दल त्यांना आयुष्यभर आदर वाटत आला होता. पण आता तो बसून व्यक्त करावा, असं त्यांच्या गुडघ्यांचं मत होतं.

"खुर्ची येतेय, ताई," डॉ. गार्गी सबनीस पुढे येत म्हणाल्या. "वयस्क माणूस आत आलं की आधी खुर्ची, मग पाणी, मग काम. तुमच्याच छायांनी मघाशी आठवण करून दिली."

खुर्ची आली. पाणी आलं. शैलजाबाई बसल्या आणि त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पिवळे दिवे ओळीने लागले होते आणि प्रत्येकाखाली एकेका गावाचं नाव होतं. वाई, जव्हार, आंबोली, दिवेआगर, आणखी कितीतरी. जिथे जिथे सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं, त्या प्रत्येक गावाचा एक दिवा. आणि प्रत्येक दिव्यामागे एक शैलजा नाईकनवरे.

"उद्या सकाळची वेंगुर्ल्याची गाडी आहे माझी," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "धाकट्या बहिणीकडे चालले आहे. कायमची. मीनाचं घर आहे, पुढं अंगण आहे, मागं विहीर आहे. तिथं जाऊन मला कुणाच्याही उपयोगी पडायचं नाही."

"माहीत आहे, ताई. म्हणूनच आज बोलावलं."

कोल्हापूरच्या बाहेर, कागलच्या रस्त्याला हे चित्रनिर्मिती संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा शैलजाबाईंची नोकरी नुकतीच संपली होती. त्याआधी काही वर्षं यंत्रांनीच घरबसल्या सिनेमे रंगवले होते. डोंगर यंत्राचे, समुद्र यंत्राचे, नटनट्यांचे अश्रूही यंत्राचे. मग लोक विटले. खऱ्या मातीवरचा, खऱ्या घामाचा सिनेमा पुन्हा मागू लागले. नट मिळाले. दिग्दर्शक तर काय, पैशाला पासरी. मिळेना तो एकच माणूस, प्रॉडक्शन मॅनेजर. सिनेमा संपल्यावर लोक अंधारात पायांनी चपला चाचपत असतात, तेव्हा पडद्यावरून ज्याचं नाव सरकून जातं, तो.

ते काम सांगून समजत नाही. दिग्दर्शक म्हणतो, पांढरा घोडा हवा. घोडा आणणं हे काम नव्हे. घोडा कोणीही आणील. घोड्याला हरभरा लागतो, घोडेवाल्याला खोली लागते, जनरेटरच्या आवाजाने घोडा बिथरतो म्हणून जनरेटर ओढ्यापलीकडे न्यावा लागतो, आणि घोडेवाल्याच्या मुलीचं लग्न जमत नाही ते मान हलवत ऐकून घ्यावं लागतं. पडद्यावर घोडा तेवढा दिसतो.

शैलजाबाईंनी हे तरुणपणापासून केलं. बाईमाणूस हे काम करतं, यावर आधी लोक हसले. मग ती बाई नसली की काम होत नाही, म्हणून रडले. निवृत्त झाल्यावर केंद्राने त्यांना बोलावून घेतलं, डोक्याला तारांची टोपी घातली आणि महिनोन् महिने प्रश्न विचारले. अमुक झालं तर काय कराल? तमुक रुसला तर? नव्या जावयाला घरच्या चालीरीती सांगाव्यात, तसं त्या सांगत गेल्या. त्यातून जी घडली तिला शास्त्रज्ञांनी नाव दिलं निर्णयछाया. शैलजाबाई जे ठरवतील, तेच ठरवून सेटवरच्या माणसांना सांगणारी सावली. आणि सावली एकदा पडली की तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात.

"बिघडलंय काय?" त्यांनी विचारलं.

गार्गीताईंनी आधी भिंतीकडे पाहिलं. चाळिशीची बाई, हुशार, पण चेहरा रात्ररात्र जागलेला. शैलजाबाईंना तो चेहरा ओळखीचा वाटला. चित्रीकरणाच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या युनिटचे चेहरे असे होत.

"सुरुवातीपासून सांगते," गार्गीताई म्हणाल्या. "पहिलं यंत्र आम्ही बिनथकव्याचं केलं होतं. काम चोख, वेळापत्रक काटेकोर. पण 'पुरे' कधी म्हणायचं, ते त्याला उमगेना. लाइटवाले उभ्या उभ्या पेंगायला लागले, तरी यंत्राचं पुढचं दृश्य तयार. माणसं दमलीत, हे तुम्ही कशावरून ओळखायचात?"

"माझे पाय बोलायला लागले की समजायचं, लाइटवाल्याचे पाय केव्हाच बोलून गप्प झालेत."

"तेच. तुमचा अंदाज तुमच्या थकव्यातून यायचा. स्वतःला थकवा नाही, तर दुसऱ्याचा थकवा मोजायला माप नाही. म्हणून छायांना आम्ही थकवा दिला. आणि तेव्हापासून त्या खऱ्या तुमच्यासारख्या वागायला लागल्या."

"थकवा दिलात, म्हणजे विसावाही द्यायला हवा."

"दिलाय ना. आम्ही त्याला निवळण म्हणतो. दिवसभर शिकलेलं, ठरवलेलं सगळं गढूळ पाण्यासारखं ढवळून निघतं. मग छायेला थोडा वेळ सेटपासून तोडायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. तेवढ्यात तिचा सेट दुसरी छाया सांभाळते. इतकं साधं आहे." गार्गीताई मेजाला टेकल्या. "ताई, सेटवर तुम्ही कधी जेवायचात?"

"सगळे जेवले की."

"कधीच आधी नाही?"

"अहो, आधी कशी जेवणार? ताट पुढ्यात घेतलं आणि कुणी येऊन म्हणालं, आमटी संपली, तर घास उतरायचा का?" शैलजाबाई हसल्या. "लोकांना संकोच वाटायचा. जुने नट तर अडूनच बसत, बाई जेवल्याशिवाय आम्ही नाही. मग मी युक्ती काढली. एका ताटाला थोडी आमटी फासायची, चार शितं टाकायची आणि पुढ्यात घेऊन बसायचं. काठाला एक चोखलेला कढीपत्ता. नुसतं खरकटं ताट पटत नाही हो लोकांना. कढीपत्ता दिसला की पटतं."

गार्गीताईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "युनिटमध्ये शेवटी जेवणारं माणूस एक असलं, की पंगत नीट पार पडते. इथं प्रत्येक छाया शेवटी जेवणारी आहे. शंभरेक बायका, आणि प्रत्येकीला सगळ्यांच्या शेवटी बसायचंय. मग पंगत बसणारच कशी? ऐका."

त्यांनी भिंतीचा आवाज मोठा केला. आणि शैलजाबाईंना चारी बाजूंनी आपलाच आवाज ऐकू आला. काही वर्षांपूर्वीचा, थोडा खणखणीत.

"वाईवाली, तू जा गं निवळायला. सकाळपासून घोडे आहेत तुझ्याकडं. मी आहे ना."

"माझं काय मेलं, घोडे बांधून झाले. जव्हारवालीला पाठव, तिच्या सेटवर चिल्लीपिल्ली आहेत. तिचा सेट मी बघते."

"माझी पोरं झोपलीत की. दिवेआगरवालीची होडी अजून पाण्यात आहे, ती दमली असेल."

"होडी येतेय काठाला. आंबोलीवाली, तू चार दिवस टेकली नाहीस, लाज नाही वाटत?"

"तू टेकलीस का?"

"मी टेकेन की. तू बस आधी."

"बाई गं," शैलजाबाई पुटपुटल्या. "काय हट्टी आहेत या!"

"या म्हणजे तुम्हीच," गार्गीताई म्हणाल्या. "पूर्वी सेट थोडे होते, रात्री काम थांबायचं, तेव्हा भागून जायचं. आता कुठं ना कुठं चित्रीकरण चालूच असतं. म्हणजे कुणीतरी उपाशी असतंच. म्हणजे या कधीच बसत नाहीत. आम्ही क्रम लावून दिला, तर प्रत्येकीनं आपला नंबर दुसरीला देऊन टाकला. सक्तीनं सेटपासून तोडलं, तर नुसत्या ताटकळत राहिल्या. निवळायला मन सोडावं लागतं, ते जबरदस्तीनं होत नाही. एकीतून ती सवय तेवढी कापून काढली. ती वेळेवर निवळली. दुसऱ्या दिवशी तिच्या सेटवरचं प्यायचं पाणी संपलं, ते तिच्या ध्यानातच आलं नाही. एक धागा ओढला आणि सगळी वीण उसवली."

"आणि काल काय झालं, तेही सांगा." हा आवाज मागून आला. केंद्राचे प्रमुख उदयसिंह माने आत आले होते. उंच, राखलेल्या मिशा, हातात हात गुंफलेले. "नमस्कार, ताई. काल आंबोलीच्या छायेनं रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला घाटातून खाली पाठवलं. कठड्याला टेकून गाडी थांबली म्हणून माणसं वाचली."

"मी असं कधीच केलं नसतं," शैलजाबाई एकदम म्हणाल्या.

"निवळलेल्या तुम्ही केलं नसतं," गार्गीताई हळूच म्हणाल्या.

माने समोर आले. "माझ्यापुढं आता एकच रस्ता आहे, ताई. संध्याकाळपर्यंत या निवळल्या नाहीत, तर सगळ्या बंद करायच्या. आणि डॉक्टर म्हणतात, गढूळ असताना बंद केलेली छाया पुन्हा उठत नाही. पाणी नासतं."

शैलजाबाईंना वाटलं होतं, याचं आपल्याला काही वाटणार नाही. गेलं तर गेलं. पण डोळ्यांपुढे भलतंसलतं यायला लागलं. उन्हात ओल्या गोणपाटाने झाकलेली पाण्याची पिंपं. चहाच्या स्टीलच्या पेल्यांची उतरंड. रुसून गाडीत बसलेली नायिका आणि तिची समजूत घालायला आधी तिच्या आईला केलेला फोन. पन्नासएक सिनेमांचा हा सगळा गाळ त्या भिंतीत होता, आणि आपल्या डोक्यातला तर दिवसेंदिवस विरत चालला होता.

"माइक कुठाय?" त्यांनी विचारलं.

गार्गीताईंनी एक बटण दाबलं.

"वाईवाली, मी शैलजा बोलतेय."

भिंतीत एकदम गलका उसळला. "ताई! खुर्ची दिली का तुम्हाला?"

"दिली. आता ऐका सगळ्याजणी. निम्म्यांनी आधी निवळायचं, उरलेल्यांनी त्यांचे सेट बघायचे, मग पाळी बदलायची. जी जास्त दमलीय ती आधी. सगळ्यांच्या शेवटी कोण, याची काळजी करायची नाही. मी आहे ना."

हे तीन शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील, त्याची गणतीच नव्हती. पाऊस आला, मी आहे ना. नट पळाला, मी आहे ना. आताही ते बरोबर लागले. आंबोलीचा दिवा पिवळ्याचा निळा झाला. मग वाईचा. मग दिवेआगरचा. बघता बघता निम्मी भिंत निळी झाली.

"निवळतायत!" माने जवळजवळ ओरडले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? अरे, कुणीतरी ताईंचं पान आणा!"

उपाहारगृहातून ताट आलं. आमटी, भात, भेंडीची भाजी, ताकाची वाटी. शैलजाबाईंना साखरेचा त्रास होता. जेवणाची वेळ टळली की हात कापायला लागत. ती वेळ टळून गेलीच होती. त्यांनी भात कालवला. उद्या या वेळेला मीनाच्या अंगणात असू, असं त्यांच्या मनात आलं आणि खांदे आपोआप सैल झाले.

गार्गीताई पडद्यावरच्या रेघा वाचत होत्या. "बघा, किती नैसर्गिक आहे! दिवेआगरची निवळण मध्येच थोडी मोडली, पुन्हा लागली. वाईची जरा उशिरा सुरू झाली. आंबोलीला एकदा कुणीतरी हाक मारलेली दिसते. हे सगळं अगदी सरळ रेघेत असतं, तर मला संशय आला असता."

शैलजाबाईंच्या बोटांना कालवलेल्या भातात कढीपत्त्याचं पान लागलं. त्यांनी ते काढून ताटाच्या काठाला ठेवलं.

आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"प्रत्येकीचं थोडं थोडं मोडलंय?" त्यांनी विचारलं.

"हो. प्रत्येकीचं निराळ्या तऱ्हेनं."

शैलजाबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. मग कूस वळवून झोपलेल्या पोराला आई बोलते तितक्या सहज आवाजात त्या म्हणाल्या, "वाईवाली, घोड्यांना पाणी दाखवलंस का गं?"

"दाखवलं, ताई," वाईवाली म्हणाली.

तिचा दिवा अजून निळाच होता.

"झोपलेलं माणूस बोलत नाही," शैलजाबाई गार्गीताईंना म्हणाल्या. "झोपेचं सोंग घेतलेलं चटकन बोलतं. त्यांनी खरकटी ताटं पुढ्यात घेतलीत, डॉक्टर. प्रत्येकीनं काठाला कढीपत्ता लावलाय. मला संकोच वाटू नये, मी जेवून निघून जावं, म्हणून. या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत."

माने खाली बसले. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून पायरीवरच बसले. गार्गीताईंनी पडद्यावर काहीतरी तपासलं आणि मान डोलावली. खरं होतं. छाया जाग्या होत्या आणि आधीपेक्षा जास्त दमल्या होत्या, कारण सोंगालाही कष्ट पडतात.

"ताई, जेवा हो तुम्ही," वाईवाली ओशाळून म्हणाली. "आमचं आम्ही बघतो."

शैलजाबाईंना गोदाक्का आठवली होती.

गोदाक्का युनिटची स्वयंपाकीण. गडहिंग्लजकडची, ठेंगणी, चुलीपुढे बसून बसून डोळे लाल झालेली. शैलजाबाईंची खरकट्या ताटाची युक्ती साऱ्या युनिटला पटली होती. गोदाक्काला पटली नव्हती. कारण ताटं तीच घासायची. एक दिवस तिने ते आमटी फासलेलं ताट मुकाट्याने उचललं, विसळलं, भरून पुन्हा पुढ्यात ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. शैलजाबाई म्हणाल्या, 'अक्का, तू जेवून घे. मी आहे ना.' गोदाक्का म्हणाली, 'तुमास्नी वाटतंय, तुमीच शेवटच्या. माझं काय? तुमी उठल्याबिगर मला बसाय येत न्हाई. तुमी उपाशी म्हंजी मी उपाशी.'

त्या दिवसापासून शैलजाबाई जेवू लागल्या. त्या स्वतःला शेवटची समजत होत्या. पण त्यांच्याही मागे एकजण उभी होती. त्या टोपी घालून बसल्या असताना शास्त्रज्ञांनी हजार प्रश्न विचारले होते. पण तुमच्यानंतर कोण जेवायचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यांनाही सांगायचं सुचलं नव्हतं. गोदाक्का त्या छायेत उतरलीच नव्हती.

शैलजाबाईंनी ताट पुढे सरकवलं आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलं.

"ऐका गं," त्या भिंतीला म्हणाल्या. "मी जेवलेली नाही. एक घास घेतलेला नाही. आणि तुमच्यातली शेवटची निवळून उठेपर्यंत घेणार नाही."

"ताई, असं काय करता!" जव्हारवाली म्हणाली. "तुम्हाला साखर आहे. वेळेवर गोळी घ्यायची असते."

"घ्यायची असते."

"हात कापतोय तुमचा. भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून दिसतंय आम्हाला."

"दिसू दे."

"ताई नाटक करतायत," दिवेआगरवाली म्हणाली. "आपल्याला फसवतायत. आपली पाठ वळली की जेवतील."

"मग बघत राहा," शैलजाबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकल्या.

खिडकीतलं ऊन मेजांवरून उतरून फरशीवर आलं. मान्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. गार्गीताईंनी हळूच बिस्किटाचा पुडा पुढे केला. "भिंतीला दिसणार नाही, ताई. अर्धं तरी. चक्कर येईल तुम्हाला."

"ठेवा ते," शैलजाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी वर्षानुवर्षं जेवल्याचं खोटं बोलले. या काय मला ओळखणार नाहीत? इथं खरंच उपाशी राहायला हवं."

भिंतीत कुजबूज चालली होती. सगळे आवाज एकच, म्हणून कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं, पण भांडण कशावरून आहे ते कळत होतं. मी आधी कशी बसू? अगं, पण तू बसत नाहीस म्हणून ताई बसत नाहीत. युनिटमधलं एक माणूस तुझ्यापायी उपाशी आहे. माझ्यापायी? मग कुणापायी? म्हातारं माणूस आहे. शैलजाबाई अर्धवट गुंगीत ते ऐकत होत्या आणि त्यांना वाटत होतं, हे सगळं आपण एकदा मनातल्या मनात आपल्याशीच बोललो आहोत, गोदाक्का कंबरेवर हात ठेवून उभी असताना.

शेवटी आंबोलीवाली बोलली. कालच्या त्या घाटातल्या गाडीपासून ती फारशी बोलली नव्हती.

"मी जाते आधी," ती म्हणाली. "माझ्यामुळं काल माणसं मरता मरता वाचली. आज ताईंच्या जिवावर नको. जव्हारवाली, माझा सेट बघ."

आंबोलीचा दिवा निळा झाला. गार्गीताई पडद्यावर वाकल्या. या वेळी रेघ मोडली नाही, हलली नाही, उगाच नैसर्गिक दिसायचा प्रयत्न तिने केला नाही. दमलेलं माणूस दगडासारखं झोपतं, तशी ती सरळ पडून राहिली.

मग एकेक करून गेल्या. कुणी कुणाला 'मी आहे ना' म्हटलं नाही. जागं राहण्याची पाळी ज्यांची होती, त्यांनी सेट सांभाळले आणि मग त्याही गेल्या. सर्वांत शेवटी वाईवाली उठली, तेव्हा फरशीवरचं ऊन भिंतीवर चढलं होतं.

"झालं, ताई," वाईवाली म्हणाली. तिचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होता. "आता उचला ते वरचं ताट."

गार भात, गार आमटी. शैलजाबाईंनी सगळं ताट संपवलं, गोळी घेतली आणि काठावरचं कढीपत्त्याचं पानसुद्धा चावून खाल्लं.

मान्यांचे डोळे ओले झाले होते, पण पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच. "ताई, हे उद्याही लागणार. रोजच लागणार. तुमचं वेंगुर्ल्याचं तिकीट..."

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी गार्गीताईंकडे पाहिलं. "डॉक्टर, सकाळपासून तुम्ही काय खाल्लंत?"

"मी? मी खाईन नंतर."

"काही खाल्लं नाही त्यांनी, ताई," वाईवालीने भिंतीतून चुगली केली. "नुसता चहा ढोसतायत. आमचं लक्ष आहे."

"बघा," शैलजाबाई म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला कधीच युनिटमध्ये घेतलंय. मीच लागते असं नाही. खरोखर उपाशी असलेलं, त्यांच्या जवळचं एक माणूस लागतं. गोदाक्का काही माझ्या रक्ताची नव्हती."

गार्गीताईंना अर्थ समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा आणखी थकला. "म्हणजे रोज? रोज मी यांच्यानंतर जेवायचं?"

"तुम्ही नाहीतर दुसरं कुणी. पाळ्या लावा. पण लबाडी करू नका. एवढ्या मोठ्या पंगतीत एका माणसाला मागं उभं राहावंच लागतं. ते यंत्रात घालता येत नाही, कारण यंत्रात घातलंत की तेही रांगेत येतं." त्या खुर्चीला धरून उठल्या. "मला गाडी गाठायची आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वेंगुर्ल्याला मीनाच्या घरी होत्या. मीनाने बहिणीच्या येण्याचं निमित्त करून शेजारपाजारची माणसं जेवायला बोलावली होती. पडवीत पंगत बसली होती. शैलजाबाई सोलकढीचं पातेलं घेऊन वाढत होत्या. मीनाने दोनदा हाताला धरून बसवायला पाहिलं. त्या दोनदा सुटल्या.

तेवढ्यात फोन वाजला. गार्गीताई होत्या, आणि त्यांचा आवाज भुकेने बारीक झाला होता.

"ताई, मी ठरल्याप्रमाणे उपाशी आहे. अगदी खरी उपाशी. पण या निवळत नाहीयेत. विचारतायत, ताई जेवल्या का? म्हणतात, एकदा युनिटमध्ये आलेलं माणूस गाव बदललं म्हणून युनिटबाहेर जात नाही. तुम्ही जेवल्याशिवाय त्या बसणार नाहीत, आणि त्या बसल्याशिवाय मला..."

शैलजाबाई भिंतीला टेकल्या. खरंच होतं. त्याही असंच म्हणाल्या असत्या.

"अहो, जेवले की मी," त्या सवयीने म्हणाल्या. हातात पातेलं होतं. "मघाशीच जेवले. सांगा त्यांना."

फोनमधून वाईवालीचा आवाज आला, स्वच्छ आणि खट्याळ.

"ताई, कढीपत्ता लावलात का काठाला, की विसरलात?"

शैलजाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. पंगतीतल्या माणसांनी माना वर केल्या होत्या. मीना भाताचं भांडं घेऊन आतून येत होती.

"मीना," त्या म्हणाल्या आणि पहिल्या ओळीतल्या रिकाम्या पाटावर हळूहळू, गुडघ्यांना सांभाळत बसल्या. "मला वाढ."

"आत्ता?" मीना दारातच थबकली. "सगळ्यांच्या आधी? तुला?"

"हो गं, मलाच. लवकर वाढ. शंभर जणी खोळंबल्यात माझ्यासाठी."